वरडून बघा की, मॅडम

२ डिसेंबर २०२४, सोमवार

नवी वही काढली. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आहेत. त्यांच्याखाली ही नोकरी लिहायला हात धजावला नाही.

सव्वीस वर्षांनी निपाणीत राहायला आले. जन्माचं गाव, पण स्टँडवर उतरले तेव्हा एक माणूस ओळखेल तर शपथ. आई ज्या वखारीत तंबाखू निवडायला जायची, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. खोली मालुबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. साठीच्या आहेत, थोडी शेती आहे आणि तोंड चालू आहे. "एकलीच राहनार व्हय?" हे त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हणाले. चौथ्यांदा विचारलं असतं तर नाही म्हणून टाकलं असतं.

कारखाना गावापासून अकरा किलोमीटरवर. उसाच्या मळीपासून अल्कोहोल करतात. मळी आंबते तेव्हा टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड उठतो. आजवर तो सरळ आभाळात जायचा. आता तो पाइपने धरायचा, पाण्याने धुवायचा, दाबून, गार करून पातळ करायचा आणि टँकरमध्ये भरून विकायचा. मशीन येऊन बसलंय. ते चालवणारी माणसं मी तयार करायची. बारा जण, तीन महिने, फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा. पास झाले तर कायम ऑपरेटर. नापास झाले तर कंपनी बाहेरून शिकलेली माणसं आणणार आणि हे बारा परत रोजंदारीवर.

माझंही तेच. निकाल चांगला लागला तर इथे कायम. नाही तर बेळगावच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली पर्समध्ये आहेच. सेफ्टी ऑफिसर सौरवने हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं. मुलगा हुशार आहे, पण दर वाक्यानंतर "ओके?" म्हणतो आणि उत्तराची वाट बघत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पहिला वर्ग. सगळ्यांनी नावं सांगितली. मी सांगितलं, "माझं नाव पारमिता." कोणीतरी "परिमिता" म्हणालं, कोणीतरी "पर्मिट". मी फळ्यावर लिहून दाखवलं. त्यानंतर सगळे एकजात "मॅडम" म्हणायला लागले आणि प्रश्न मिटला.

पहिल्या बाकावर रवळू आणि शामू. रवळू चुलता, शामू पुतण्या. रवळूंची सतरा वर्षं कंत्राटात गेलीत. शामू तिशीचा, एका मुलीचा बाप, पण चुलत्यासमोर अजून मान वर करत नाही. "आप्पा, तुमी बसा", "आप्पा, तुमी घ्या", सारखं चालू. शेवटच्या बाकावर भरमू. बावन्न वर्षांचे, आंबवण्याच्या टाक्यांवर सगळ्यात जुने. सगळे त्यांना भरमूअण्णा म्हणतात. मी छापून दिलेल्या नोट्स त्यांनी उघडल्यासुद्धा नाहीत. हाताची घडी घालून मला बघत बसले होते.

चहाला माझा स्टीलचा पेला मी स्वतः नेते. म्हणजे कोण मला कशात चहा देतं हे बघायची वेळच येत नाही. बेळगावात वीस वर्षं हेच केलं. लोकांना वाटतं बाई फार स्वच्छतेची आहे. वाटू दे.

६ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी घेतली. पांढरी साडी नेसून सकाळी विहारापर्यंत गेले. आत बायका मेणबत्त्या लावत होत्या. आत गेले असते तर "कुणाची गं तू?" म्हणून विचारलं असतं, "शेवंताबाईची" म्हणावं लागलं असतं, मग "शेवंता कशी हाय?" आई जाऊन चौदा महिने झाले आणि मी निपाणीत कोणाला कळवलं नाही. फाटकाबाहेरूनच हात जोडले आणि परत आले.

खोलीत फोटोसमोर मेणबत्ती लावली. मालुबाई वर आल्या, बघितलं, खाली गेल्या. थोड्या वेळाने झाकलेल्या ताटलीत शिरा. बहुतेक जास्तीचा झाला असावा.

११ डिसेंबर, बुधवार

आज एक चांगलं काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आठवडाभर यांना हा वायू समजावतेय. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा जड, खड्ड्यात पाण्यासारखा साचतो. माना डोलावतात, पण "गॅस" म्हटलं की यांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातला सिलिंडर येतो. शामू म्हणाला, "वास न्हाय म्हंजी गॅस न्हाय." हे असंच डोक्यात राहिलं तर माणूस जाईल. कार्बन डायऑक्साइड म्हणायला सांगितलं तर पाच जणांची जीभ वळेना. त्यातून घाईत, हाक मारून दुसऱ्याला सावध करायचं तर एवढं लांब नाव काय कामाचं?

मग मला सुचलं. जाताना सोड्याच्या सहा बाटल्या घेऊन गेले. प्रत्येकाला सांगितलं, घटाघटा प्या आणि ढेकर नाकातून येऊ द्या. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले. म्हटलं, "हाच तो. खड्ड्यात उतरताना नाकात असं झालं की एक पायरीही खाली जायचं नाही. मोठ्यांदा ओरडायचं, 'सोडा!' आणि वर यायचं." बारा जणांना एका तासात कळलं. पुस्तकातून महिनाभर कळलं नसतं. सौरवलाही आवडलं. सगळीकडे बोर्ड लावू म्हणाला, त्यावर बाटलीचं चित्र.

एका माणसाने मात्र विरस केला. भरमू मागून म्हणाले, "मॅडम, ह्यो शब्द बरा न्हाय."

मी विचारलं, "का?"

"घोटाळा हुईल."

"कसला घोटाळा?"

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग म्हणाले, "वरडून बघा की, मॅडम. एकदा वरडून बघा."

वर्ग फिसकन हसला. आठवडाभर एक अक्षर लिहून न घेणारा माणूस मला भर वर्गात ओरडून दाखवायला सांगतो! बाईचं ओरडणं ऐकायची हौस असावी. का आणखी काही, ते मला लिहायचं नाही. मी म्हटलं, "ओरडायचं तुम्ही आहे, मी नाही," आणि फळा पुसला.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोराचा सराव. खड्ड्यात उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधलेला हवाच, दुसऱ्याने वर दोर धरून उभं राहायचं. रवळूंनी सांगितलं, जुन्या विहिरीत उतरायच्या आधी त्यांच्याकडे कंदील सोडून बघतात. विझला तर उतरत नाहीत. म्हटलं, बघा, तुम्हाला माझ्याआधीच माहीत आहे.

दुसरा नियम घोकून घेतला: कोणी खाली पडलाच तर त्याच्यामागे उतरायचं नाही. भाऊ असो, बाप असो. दोर ओढायचा. अशा खड्ड्यात एक कधीच मरत नाही. काढायला गेलेलेही मरतात. रवळू म्हणाले, "मॅडम, पोरगं डोळ्यांदेखत पडल्यावर कोन थांबंल?" मी म्हटलं, थांबावं लागेल. सोपं आहे म्हणायला.

मालुबाईंना वाटतं मी कोळसा शिकवते. कार्बन म्हणजे कोळसा असं त्यांच्या नातवाने सांगितलंय.

५ जानेवारी २०२५, रविवार

बेळगावला गेले. फ्लॅट उघडला, धूळ पुसली, बंद केला. खडेबाजारात सहज फिरले. गडद रंगाच्या खडूंचे दोन डबे आणि एक चादर घेतली. चादर दाखवताना दुकानदाराने विचारलं, "डबल का सिंगल?" बस, एवढंच बोलणं दिवसभरात. संध्याकाळच्या बसने निपाणीला परत आले.

भावाचा फोन आला होता. अमरदीप तीन मिनिटं बोलतो. बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेवतो. तो वाईट नाही. मलाच चौथ्या मिनिटाला सांगण्यासारखं काही नसतं.

खरं सांगायचं तर आज वर्गाची आठवण आली. रविवारी वर्ग नसतो म्हणून वाईट वाटणारी मास्तरीण मीच एकटी असेन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शामूने तिळगूळ दिला आणि खाली वाकून पाया पडला. मी मागे सरकले, सवय नाही. शामूच्या बायकोने काल भोगीची भाकरी, वांगं-गाजराची भाजी बांधून पाठवली होती. डबा परत देताना रिकामा कसा द्यायचा म्हणून मी त्यात चॉकलेटं घातली. भरमू दारात उभे होते, हातात तिळगुळाची पुडी. मी सौरवशी बोलत होते. वळले तेव्हा ते गेले होते आणि पुडी टेबलावर.

२२ जानेवारी, बुधवार

सराव परीक्षा. अकरा जण पास. भरमूंचा कागद कोरा. सौरव म्हणाला, "यांना काढून टाकू. एकामुळे बॅचचा रिझल्ट पडेल. ओके?" मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे इथे कबूल करते.

तरी काढायच्या आधी बोलावं म्हणून थांबवून घेतलं. विचारलं, माझ्याबद्दल काही राग आहे का. ते गोंधळलेच.

"राग कशाला, मॅडम?"

"मग लिहीत का नाही?"

त्यांनी शर्टाच्या आतून वही काढली. शंभर पानी, घामाने वाकलेली. पानं भरलेली होती. माझंच बोलणं, माझेच मराठी शब्द, पण सगळे कन्नड अक्षरांत.

"माजी शाळा कन्नड, मॅडम. घरात मराठी, शाळंत कन्नड. तुमची अक्षरं मला वाचाय येत न्हाईत. बोललेलं समदं कळतंय. मागं बसून, घरी जाऊन लिवतो."

सात आठवडे मी या माणसाच्या हाताच्या घडीत काय काय वाचलं! आणि विचारायला एक मिनिट लागलं. मला कन्नड वाचता येतं. बेळगावात शिकलेल्या कोणालाही येतं. मी तोंडी परीक्षा घेतली. पैकीच्या पैकी. सौरवला सांगून त्यांचा पेपर कन्नडमध्ये मागवला. जाताना म्हणाले, "येतो, मॅडम." मला "सॉरी" म्हणायचं होतं, मी नुसती वही परत दिली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शामू.

नीट लिहायला पाहिजे. सकाळी पावणेअकराला वायू धुण्याच्या पाण्याचा पंप बंद पडला. तो नऊ फूट खड्ड्यात आहे. शामू पट्टा-दोर बांधून शिडीने उतरला, वर दोर धरून रवळू. वायू मोजायचा मीटर लावला नव्हता. मीटर एकच आहे आणि तो ऑफिसात चार्जिंगला होता. आणखी दोन मीटर मी जानेवारीत मागितले होते. मी वर्गात फळ्यावर पंपाची आकृती काढत होते.

रवळू दोर सोडतच गेले. शामू तळाला कोसळला. रवळू त्याच्यामागे उडी घेणार, तेवढ्यात भरमूंनी टाकीवरून धावत येऊन त्यांची कॉलर धरली, खाली पाडलं आणि चक्क त्यांच्या अंगावर बसले. बसल्या बसल्या दोर ओढला. आणखी दोघं आले. शामू वर आला तेव्हा निळा पडला होता. श्वास होता.

कंपनीचा करार बेळगावच्या दवाखान्याशी, म्हणून पाऊण तासावरचं कोल्हापूर सोडून बेळगाव. मी गाडीत होते. बेळगावच्या अलीकडे, काकती ओलांडताना त्याने डोळे उघडले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शामू वाचेल. डॉक्टर म्हणतात दोन-तीन आठवडे. दवाखान्याच्या व्हरांड्यात रवळू भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. मी जवळ गेले तर म्हणाले, "मॅडम, त्यानं सांगितलं म्हनून मी सोडला. दोनदा म्हनला, आप्पा, सोडा, सोडा. म्हनून सोडला की ओ दोर."

मी म्हटलं, "हो." तिथून उठून नळाखाली तोंड धुतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

काल वही उघडली नाही.

सौरवने अहवाल तयार केलाय. "दोर धरणाऱ्या कामगाराने सूचना नसताना दोर सैल सोडला." म्हणजे रवळू. म्हणजे सतरा वर्षांनंतर फाटकाबाहेर. खाली प्रशिक्षिका म्हणून माझी सही हवी आहे. सौरव म्हणाला, "मॅडम, ट्रेनिंगमध्ये फॉल्ट दाखवला तर तुमचं कायमचं राहील का? आणि बॅच तरी राहील का? एक माणूस जाईल, अकरा राहतील. ओके?" तोही घाबरलाय. वरून त्याच्यावरही दाब आहे, ते दिसतं.

मी म्हणाले, मंगळवारपर्यंत वेळ द्या. खोलीत येऊन माझं निवेदन लिहायला घेतलं. दोर, पट्टा, मीटर, पंप, सगळं लिहिलं. एक शब्द तेवढा लिहिला नाही. वाचून बघितलं तर छान जमलं होतं. कोणाला काही कळलं नसतं.

मला ही नोकरी हवी आहे. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात सकाळी उठून कुठेतरी जावंसं वाटणं हे मला इथे पहिल्यांदा झालं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ही वही मागे चाळली. ११ डिसेंबर. "आज एक चांगलं काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते." खाली भरमूंचं वाक्य, माझ्याच अक्षरात.

दार लावलं. खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले, "सोडा!"

खालून मालुबाईंचा आवाज आला, "सोडलंय गं, सोडलंय! मगाच सोडलंय पानी!"

मी तशीच खाली जमिनीवर बसले.

माझ्या डोक्यात बाटली होती, म्हणून मला फक्त बाटली ऐकू येत होती. खड्ड्याच्या तोंडावर दोर हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार? आणि शामू जर उद्धट असता, चुलत्याला अरे-तुरे करणारा असता, तर त्याच्या तोंडून दोरासाठी "सोड" आलं असतं आणि "सोडा" म्हटल्यावर रवळू दचकले असते. पण तो मोठ्यांचा मान राखतो. तो आप्पांना "सोडा"च म्हणणार. मी या लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवलं याचा मला अभिमान होता. भाषा माझीही हीच, आणि माझ्याच कानाला ऐकू आलं नाही. ज्याला ऐकू आलं, त्याच्यापुढे मी फळा पुसला.

मालुबाई वर आल्या. दार उघडलं तर माझ्याकडे बघत राहिल्या. "काय झालं गं पोरी? पानी येत न्हाय व्हय?" मी हसायला लागले आणि मग रडायला. त्या शेजारी बसल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सांगून टाक जा. त्यात काय इचार करायचा?" त्यांचं बरं आहे, शेती आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, पाच जणांसमोर. नवं निवेदन दिलं: शब्द माझा होता, बोर्ड माझ्या शब्दावरून लागले, एका कामगाराने धोका दाखवला होता, मी ऐकला नाही. रवळूंनी ऐकलं तेच केलं. मीटर ऑफिसात होता हेही लिहिलं. सौरवने मान खाली घातली.

एक साहेब म्हणाले, "कामगाराने धोका दाखवला याला पुरावा?" मी वही नेली नव्हती, आणि नेली असती तरी ही वही कोणाला दाखवणार! भरमूंना बोलावलं. त्यांनी शर्टातून त्यांची वही काढली, ११ डिसेंबरचं पान उघडलं. कन्नड अक्षरांत दोनदा "सोडा" लिहिलेलं. एकापुढे बाटली काढलेली, दुसऱ्यापुढे दोर. खाली काय लिहिलंय ते साहेबांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, "मॅडमना परत एकदा सांगायचं."

"मग सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

भरमू म्हणाले, "संक्रांतीला सांगनार हुतो. मॅडम कामात हुत्या."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रवळूंना काढणार नाहीत. बॅच राहील, परीक्षा ठरल्या दिवशी. मीटर तीन आले. माझा करार २८ तारखेला संपतो आणि पुढे वाढवायचा नाही, असं एका ओळीचं पत्र. ओळ तरी पूर्ण आहे.

बाटलीच्या चित्राचे बोर्ड स्वतः उतरवले. वर्गात सांगितलं की चूक माझी होती. रवळू उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले. दहा मिनिटांनी सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

म्हटलं, आता शब्द तुम्हीच ठरवा. दुसऱ्या कुठल्याही कामात तोंडात येणार नाही असा, मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही. नंतर सांगतो म्हणाले.

आज पेला न्यायला विसरले होते. ते घरी आल्यावर लक्षात आलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शामूला घरी सोडलं. भेटून आले. बोलतो नीट, फक्त मधेच थांबतो. त्याची मुलगी मांडीवरून उठत नव्हती. मी माफी मागितली तर म्हणाला, "मॅडम, नाकात झिणझिण्या आल्या म्हनून तर वरडाय सुचलं." हा मुलगा मला सुद्धा मान देणं सोडत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा झाली. शामूची नंतर घेणार आहेत. बाकी अकराही पास. भरमू पहिले. कन्नड पेपर तपासणाऱ्याने विचारलं म्हणे, यांना कोणी शिकवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. सामान बांधून झालंय. मालुबाई डब्यात काहीतरी भरताहेत आणि पुढच्या महिन्यात येशील तेव्हा डबा आण म्हणताहेत. मी येणार आहे असं मी म्हटलेलं नाही. जाताना विहारावरून जाईन. आत जाईन. आईचं सांगायला हवं.

दुपारी सराव बघायला या म्हणून बोलावलं. खड्डा धुऊन, मीटर लावून, मोकळा करून घेतला होता. रवळू उतरले, वर भरमूअण्णा दोर धरून. शामू खुर्चीवर बसला होता. मी विचारलं, "शब्द ठरला का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी भरमूअण्णा म्हणाले, "ठरलाय. पर तुमी राग मानू नका. लई इचार केला. दुसऱ्या कुटल्या कामात येत न्हाय, मराठीत न्हाय, कन्नडात न्हाय. ह्या मुलखात कुनाचं असलं नाव न्हाय."

तोवर रवळू चौथ्या पायरीवर पोचले होते. खड्ड्यातून आवाज आला, सगळा कारखाना ऐकेल एवढा:

"पारमिता! पारमिता!"

वरचे दहा जण एकदम ओरडले, "पारमिता!" आणि दोर झटक्यात वर आला. रवळू दोन सेकंदांत बाहेर. उच्चार एकाचाही चुकला नाही.

आईनंतर इतक्या मोठ्यांदा माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. आई गल्लीच्या टोकावरून घ्यायची, दिवेलागणीला. भरमूअण्णांनी विचारलं, "चालंल न्हवं, मॅडम?"

मी म्हणाले, "चालेल. फक्त ओरडताना मॅडम लावू नका."

साडेपाचची बस आहे.